डाव्या हाताचं ठिगळ

माझ्या दुकानाला कुणी ताडपत्रीचं दुकान म्हटलं की मला राग यायचा. खामगावच्या जुन्या जिनिंगच्या गल्लीत तीस वर्षं मी जाड कापड शिवत बसलोय. ताडपत्र्या शिवल्या, ट्रॉलीची झाकणं शिवली, मंडपाचे पडदे शिवले, पोरांची दप्तरं तर किती शिवली त्याला गणतीच नाही. मनातून मात्र मी स्वतःला मोठा कारागीर समजत होतो, आणि गिऱ्हाईक यायचं ते ओरडतच, "ओ ताडपत्रीवाले!" मी उत्तर द्यायचो, पण तोंड वाकडं करून. बायको म्हणायची, तुमच्या नाकावरच्या रागाला एखादी खोळ शिवा. हा राग सांगितल्याशिवाय पुढचं सांगता येत नाही, कारण पुढचं सगळं त्यातूनच झालं.

पुण्याचे एक निवृत्त प्राध्यापक होते. जुन्या लष्करी सामानाचा त्यांना भारी नाद. ते आणि त्यांचे मित्र दुसऱ्या महायुद्धातल्या शिपायांसारखे गणवेश घालून प्रदर्शनं भरवायचे, शाळांमध्ये जाऊन माहिती सांगायचे. मी शिवलेली एक जाड पिशवी कुणाकडून तरी त्यांच्या हातात पडली आणि त्यांचा फोन आला. त्यांना बारा हॅवरसॅक हव्या होत्या. हॅवरसॅक म्हणजे शिपायाची खांद्याला लावायची खाकी पिशवी. वर झाकण, झाकणाला दोन पट्टे, पितळी बकलं, आत कप्पे. त्या काळी आपल्याकडेच शिवलेल्या, तशाच्या तशा हव्यात, म्हणाले. "एक टाका इकडचा तिकडे नको."

सरांशी बोलताना मी मुद्दाम जपून बोलायचो. घरी 'मले', 'तुले' म्हणणारा मी फोनवर 'मला', 'आपल्याला' म्हणायचो आणि फोन ठेवला की जबडा दुखायचा. त्यांनी फोटो पाठवले, मापं पाठवली. मी पहिला नमुना शिवून पाठवला. चार दिवसांनी त्यांचा फोन आला. म्हणाले, "छान आहे हो. पण दप्तर झालंय."

दप्तर! मी दोन दिवस धड जेवलो नाही. चूक माझी नव्हती असं मी बायकोला ऐकवत राहिलो. फोटोत आतली शिवण दिसत नव्हती. कप्पे पाडणारा मधला पडदा तळाशी कसा धरलाय, कोपऱ्यात कापडाचे किती थर आहेत, आधी बाजू जोडली की आधी तळ, हे फोटोवरून कळणारच नाही. सरांनी पाहिलेली पिशवी दुसऱ्या कुणाच्या काचेच्या कपाटात होती, ती उघडता येत नव्हती. मला खरी पिशवी हातात हवी होती.

ती मिळाली ताडपत्रीमुळेच. धामणगाव बढ्याचा एक शेतकरी ताडपत्रीला कड्या बसवून घ्यायला आला होता. भिंतीवर मी सरांचे फोटो चिकटवून ठेवले होते. ते बघून तो म्हणाला, "असा झोया तं आमच्या मायजवळ हाय. तिच्या बापाचा. थो लढाईत होता."

दुसऱ्याच दिवशी मोताळ्याला गाडी बदलून मी धामणगावला पोचलो.

त्याची आई ऐंशी ओलांडलेली, अंगानं काटक. डोळ्यांची ऑपरेशनं झाली होती, पण दिसायचं अंधुकच. बरीचशी कामं ती बोटांनी करायची. पिशवी ओसरीतल्या खुंटीला टांगलेली होती. तिच्यात भोपळ्याचं, वालाचं, दोडक्याचं बी राखेत घालून पुरचुंड्या बांधून ठेवलेलं. तिनं एकेक पुरचुंडी सुपात काढून ठेवली, पिशवी उलटी करून झटकली आणि माझ्या मांडीवर ठेवली.

मला काय वाटलं ते सांगून समजणार नाही. खाकी रंग उडून मातकट झालेला, पट्ट्यांच्या कडा झिजलेल्या, पण शिवण एके ठिकाणीसुद्धा सुटली नव्हती. मी बकलं चाचपली, पट्ट्याची रुंदी बोटांनी मोजली. ती बाजूला बसून बोलत होती. बाप लढाईतून परत आला तेव्हा एवढंच घेऊन आला, मग तो शेतात भाकरी नेऊ लागला यातून, असं काहीतरी. मग मायचं काहीतरी सांगत होती. माय गेली तेव्हा ती नऊ वर्षांची होती, एवढं माझ्या कानावर पडलं. बोलता बोलता तिचा अंगठा पिशवीच्या खालच्या डाव्या कोपऱ्यावरून फिरत होता. तिथं एक ठिगळ होतं. मी तिचं बोलणं ऐकत नव्हतो. मी इंचाला किती टाके आहेत ते मोजत होतो. आठ होते.

"पंधरा दिवसांत परत आणून देतो, मावशी," मी म्हणालो.

"उसवशील तं नाही ना बापू?"

"नाही हो. वरूनच माप घेतो."

"जशी हाय तशी आनून देजो."

"जशीच्या तशी," मी म्हणालो.

खोटं बोलायचं माझ्या मनात नव्हतं. पण आमच्या धंद्यात शिवण शिकायची एकच रीत आहे. उसवायचं. कुठल्याही पुस्तकात नसतं ते उसवलेल्या कडेत असतं. कापड कुठं दुमडलं, कुठं कापलं, कारागिराला कुठं घाई झाली, सगळं कळतं. मी स्वतः असाच शिकलो. दोन दिवस मी ती पिशवी वरूनच न्याहाळली. तिसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडलं, देवाला उदबत्ती लावली आणि तळाची शिवण उसवायला घेतली. परत तशीच शिवून देऊ, तिला कुठं कळणार आहे, असं मनाशी म्हणालो. तिला दिसत नाही हे मी हिशेबात धरलं होतं. आता हे लिहितानासुद्धा हात थांबतो.

सगळा उलगडा त्या डाव्या कोपऱ्यात होता. तळ, बाजू आणि मधला पडदा तिथं एकत्र येत होते, आणि नेमकं त्यावरच ते ठिगळ. मेंदी रंगाच्या जुन्या लुगड्याचा तुकडा, तळहाताएवढा, दुहेरी करून हातानं तुरपलेला. टाके उलट्या बाजूला कललेले. मला हसू आलं. कोण अडाण्यानं हे लावलंय, सुई धरायची अक्कल नव्हती, असं मी मोठ्यानं म्हणालो. दुकानात ऐकायला कुणी नव्हतं. मी फोटो काढला तोसुद्धा ठिगळ चौकटीबाहेर ठेवून. सरांना विचारलं तेव्हा तेही म्हणाले, ते नंतरचं आहे, त्याकडे लक्ष देऊ नका, आपल्याला मूळ हवंय. मी एकेक टाका कापला, धागे चिमट्यानं ओढून फुंकून टाकले आणि ठिगळ मशीनच्या बाजूला ठेवलं.

त्याच दुपारी मशीनमधून तेल गळलं. हाताला जे लागलं त्यानं पुसलं आणि चिंध्यांच्या पोत्यात टाकलं.

बारा पिशव्या झाल्या. आयुष्यात तसं काम मी केलं नव्हतं. कापड चहाच्या आणि बाभळीच्या सालीच्या पाण्यात काढलं, बकलं घासून त्यांची चमक मारली, टाके इंचाला आठ म्हणजे आठच. सरांचा फोन आला. "हुबेहूब! मूळ कोणतं आणि तुमचं कोणतं, आम्हाला ओळखता येईना." मी तो फोन स्पीकरवर टाकून शेजारच्या सायकलवाल्याला ऐकवला. चहाच्या टपरीवर ऐकवला. बायकोला तर जेवतानासुद्धा ऐकवलं. ती म्हणाली, "आता भाजी वाढू का, का हुबेहूब वाढू?"

मग मी मावशीच्या पिशवीकडे वळलो. इथं माझी खरी मस्ती सुरू झाली. नुसती परत शिवून द्यायची नाही, तिच्या बापाला सरकारनं दिली तेव्हा होती तशी करून द्यायची. ठिगळाखालचं भोक मी असं रफू केलं की भिंग लावलं तरी दिसू नये. पट्टे सरळ केले, बकलं साफ केली. म्हातारी खूश होईल, गावात नाव निघेल. मनात मी ते चित्र दहा वेळा रंगवलं होतं.

पिशवी परत द्यायला धामणगावला गेलो, त्या दिवशी ओसरीवर चार माणसं होती. मुलानं मुद्दाम बोलावलेली. मी पिशवी काढली तशी सगळे म्हणाले, अरे वा, नवीच दिसून राह्यली! मी पुण्याच्या सरांचं सांगितलं. मावशीनं पिशवी मांडीवर घेतली. झाकणावरून हात फिरवला, पट्टे चाचपले. मग तिचा अंगठा खालच्या डाव्या कोपऱ्याकडे गेला. तिथं थोडा वेळ फिरला. पिशवी उलटी करून तिनं दुसरा कोपराही चाचपला, आपलीच चूक होत असेल असं समजून. परत डाव्या कोपऱ्यावर आली.

"बापू, इथलं ठिगळ कुठी गेलं?"

"ते... फाटकं होतं, मावशी."

"माह्या मायनं लावलं होतं ते. तुले सांगतलं ना मी. मायचा फोटू नाही आमच्यापाशी, काईच नाही. तेवढंच होतं हातचं."

चारही माणसं माझ्याकडे बघत होती. आत्ताच त्यांनी मला अरे वा म्हटलं होतं. खरं बोलायला एक वाक्य पुरलं असतं. माझ्या तोंडून निघालं, "धुवायला काढलं होतं. दुकानात हाय. लावायचं राह्यलं. चार दिवसांत लावून आनतो."

"हाय ना?" ती म्हणाली. "मंग काई नाही." आणि तिनं पिशवी परत माझ्या हातात दिली.

मोताळ्याच्या स्टँडवर गाडीची वाट बघताना मला तिचं सगळं बोलणं आठवायला लागलं, जे मी ऐकलं नव्हतं ते. कानात पडलेलं होतं, आता वर येत होतं. बाप शेतात पिशवी ठेवायचा, तिचा कोपरा उंदरानं कुरतडला. मायनं आपल्या लुगड्याचा तुकडा लावला. माय डाव्या हातानं शिवायची. सासू तिला त्यावरून बोलायची, म्हणून ती सगळ्यांची पाठ वळल्यावर शिवायला बसायची. पुढच्या पावसाळ्यात ती गेली. हे सगळं मला सांगून झालं होतं, आणि मी त्या बाईला अडाणी म्हटलं होतं.

दुकानात आल्या आल्या मी चिंध्यांचं पोतं जमिनीवर ओतलं. ठिगळ सापडलं. हो, सापडलं. हे मी मुद्दाम सांगतो, कारण हरवलं असतं तर माझी गोष्ट बरी झाली असती. मशीनच्या तेलानं ते काळं ठिक्कर पडलं होतं. साबण लावला, सोडा लावला, रॉकेलमध्ये बुडवलं. काळं जाईना. कापड इतकं जुनं की जास्त चोळलं तर विरलं असतं. मी ते वर्तमानपत्रावर वाळत टाकलं आणि त्याच्यासमोर बसलो.

हे असंच नेऊन दिलं तर काय होईल? तिला तेलाचा वास येईल. मुलगा विचारेल, हे काळं कसं झालं? मग सांगावं लागेल की तुझ्या आजीच्या हातच्या ठिगळानं मी मशीन पुसलं. मला ते जमणार नव्हतं. हुबेहूबवाल्या माणसाला तर मुळीच जमणार नव्हतं. आणि त्याच हुबेहूबवाल्यानं मला दुसरी वाट दाखवली. बारा पिशव्या अशा केल्या की सरांना ओळखता आल्या नाहीत, तर एक तळहाताएवढं ठिगळ काय अवघड आहे? नमुना तर समोरच आहे.

कापड जुनं हवं होतं, लुगड्याचं, मेंदी रंगाचं. तसं लुगडं माझ्या घरी होतं. माझ्या आईचं. ती जाऊन बारा वर्षं झाली, तिची दोन लुगडी बायकोनं ट्रंकेत डांबराच्या गोळ्या घालून जपली होती. बायको बाजारात गेलेली बघून मी ट्रंक उघडली आणि आतल्या पदराचा कोपरा कापला. काही वाटलं नाही. मी रंग जुळतो का ते बघत होतो.

मग डाव्या हातानं शिवायचा सराव केला. तीन दिवस. आधी टाके वेडेवाकडे पडत, बोटांना सुई टोचे. काळ्या ठिगळाच्या कडेला जुन्या सुईची भोकं अजून होती. ती मी पानावर उतरवून घेतली आणि नव्या तुकड्यावर तिथंच भोकं पाडली. कुठं टाका जवळ, कुठं लांब, कुठं तिचा हात घसरला, सगळं. कापड दगडावर घासलं, राखेत लोळवलं, उन्हात टाकलं. शेवटी रफू केलेल्या जागेवर ते लावलं. खरं सांगतो, तेवढं चांगलं काम मी त्याआधी केलं नव्हतं आणि नंतरही नाही.

राहिलं ते काळं ठिगळ. ते कुणाच्या नजरेला पडायला नको होतं. आमच्याकडे अंघोळीचं पाणी अजून बंबात तापतं. तेलाची चिंधी बंब पेटवायला चांगली. मी ती घातली, वर काड्या टाकल्या. बंब लगेच पेटला. त्या पाण्यानं मी अंघोळ केली, स्वच्छ कपडे घातले आणि धामणगावला गेलो.

मावशी एकटीच होती. तिनं पिशवी घेतली. अंगठा कोपऱ्यावर गेला आणि कडेकडेनं चारही बाजूंनी फिरला. एका जागी थांबला. परत मागे आला.

"हेच हाय ना ते?" तिनं विचारलं.

"हेच, मावशी."

"नक्की ना बापू?"

"हो हो. तेच हाय."

"तू म्हनतं तं हेच असन," ती म्हणाली, आणि पिशवी खुंटीला टांगायला उठली. चहा केला मला. मी प्यायलो.

यानंतर एक वर्ष गेलं. मग तिच्या नातीचं लग्न निघालं. मुलाचा आग्रहाचा फोन, यावंच लागेल. मांडवात माईकवरून माझं नाव पुकारलं. आजीची लढाईतली पिशवी यांनी नवी करून दिली, पुण्यापर्यंत यांचं काम गेलं, असं काय काय सांगितलं. मला पुढं बोलावून टोपी घातली, दुपट्टा दिला, हातात नारळ ठेवला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मावशी पहिल्या रांगेत खुर्चीवर बसली होती. ती टाळ्या वाजवत नव्हती. दोन्ही हात मांडीवर ठेवून ती माझ्या दिशेनं बघत होती. तिला दिसत नाही, मी स्वतःची समजूत घातली. मला जमिनीत गडप व्हावंसं वाटत होतं, आणि तरी मी टोपी नीट बसवून फोटो काढू दिला.

तो दुपट्टा घरी आणून ट्रंकेत ठेवायला बायकोनं ट्रंक उघडली. तिनं आईचं लुगडं बाहेर काढलं, उलगडलं आणि माझ्यासमोर धरलं. पदराच्या कोपऱ्यात चौकोनी भोक.

"हे काय?"

"उंदरानं कुरतडलं असन," मी म्हणालो.

"उंदीर काय कैचीनं कापते?"

मग मी सांगितलं. सगळं. उसवलं तिथपासून बंबापर्यंत. मला वाटलं, सांगून झालं की हलकं वाटेल. तसं काही झालं नाही. लुगड्याची घडी घालून ती म्हणाली, "मले काऊन सांगून राह्यले? जिचं होतं तिले सांगा." आणि भांडी घासायला निघून गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं मी गेलो. मावशी ओसरीवर पावट्याच्या शेंगा सोलत होती. माझा आवाज ऐकून म्हणाली, "ये बापू." मी तिच्यासमोर खाली बसलो आणि खाली बघत बोलायला लागलो. मी पिशवी उसवली, तुम्हाला नाही म्हणून सांगितलं होतं तरी. ठिगळ मी काढलं. त्यानं मशीन पुसलं. आत्ता आहे ते मी केलेलं आहे. कापड माझ्या आईच्या लुगड्याचं. एवढ्यावर मी थांबलो.

तिचे हात शेंगा सोलतच होते. "मले ठाऊक हाय," ती म्हणाली.

"कसं?"

"माय धाग्याले गाठ मारतच नव्हती. दोन टाके मांगं घ्यायची आन् पुढं जायची. तुह्या ठिगळाखाली गाठ हाय. बारीक हाय, पन हाय."

मला गाठ आठवली. मी मारली होती. तीस वर्षं उजव्या हाताला जी सवय, ती डाव्या हातानंसुद्धा पाळली. नमुन्यावरून ते कळायला मार्ग नव्हता, कारण धागे मीच उपटून फुंकून टाकले होते.

"मग त्या दिवशी बोलल्या काऊन नाही, मावशी?"

"इचारलं ना मी तुले. दोनदा इचारलं." तिनं पुढची शेंग उचलली. "मले वाटलं, आज नाही तं उद्या सांगशील. पोरीच्या लग्नात तुले टोपी घातली, तवा वाटलं आता सांगशील. लोक टाया वाजवून राह्यले होते. मी वाट पाहून राह्यली होती."

ओसरीवर माशा घोंगावत होत्या. आतून कुकरची शिटी झाली. मग तिनं विचारलं, आणि तेव्हा पहिल्यांदाच तिचा आवाज बदलला.

"मंग ते खरं ठिगळ कुठी हाय? पोत्यात हाय काय अजून?"

मला कळलं की वर्षभर ती याचसाठी थांबली होती. मी खरं बोलेन आणि ते परत मिळेल, म्हणून.

"नाही, मावशी. काळं झालं होतं तेलानं. तुम्हाला दाखवायची लाज वाटली. मी ते... मी ते बंबात टाकलं."

तिनं शेंगा सुपात ठेवल्या. हात पदराला पुसले.

"काळं असतं तरी चाललं असतं रे बापू," ती म्हणाली. "मले कुठी दिसते?"

मी रडलो. त्या वयाच्या बाईसमोर, भरदिवसा, साठीला टेकलेला माणूस. ती मला गप्प बस म्हणाली नाही आणि तिनं जवळही घेतलं नाही. थोड्या वेळानं उठली, खुंटीवरून पिशवी काढली, आतून चिमुकली कात्री आणली आणि दोन्ही माझ्यापुढे ठेवलं.

"काढ ते."

मी काढलं. तिच्यासमोर एकेक टाका कापला. तिनं धागे मोजल्यासारखे हातात घेतले. गाठ सापडली तेव्हा ती तिनं बोटांत धरून बघितली आणि बाजूला ठेवली. ठिगळ सुटलं. तिनं कोपऱ्यावरून अंगठा फिरवला. माझ्या रफूवरून, जे भिंगानंही दिसू नये म्हणून मी केलं होतं.

"आता काईच नाही इथं," ती म्हणाली. "बरं हाय. खोटं तं नाही."

मग बियांच्या पुरचुंड्या परत पिशवीत भरायला तिनं मला सांगितलं आणि मी भरल्या. भोपळा, वाल, दोडका. पिशवी खुंटीला टांगली. निघताना तिनं माझ्या आईच्या लुगड्याचा तो तुकडा चार घड्या घालून माझ्या तळहातावर ठेवला आणि वरून माझी बोटं मिटली.

"हे तुह्या मायचं हाय," ती म्हणाली. "बंबात टाकू नको."